लॅम असताना विमानप्रवास : तिकीट काढण्यापासून घरी परतेपर्यंत

लॅम या फुफ्फुसाच्या दुर्मिळ आजाराचं निदान झालं की पहिल्या दहा प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो: आता विमानात बसता येईल का? लेकीचं बाळंतपण परदेशात असतं, भाच्याचं लग्न दिल्लीला असतं, कुणाची नोकरीच महिन्याला दोनदा बंगळुरूला पळवणारी असते. इंटरनेटवर शोधायला बसलं तर ‘फुफ्फुस फुटतं’ असलं काहीबाही वाचायला मिळतं आणि बाई घाबरून घरीच बसते. प्रत्यक्षात लॅम असलेल्या बहुतेक जणी विमानाने जाऊ शकतात. काहींना ऑक्सिजन लागतो, काहींना काही आठवडे थांबावं लागतं आणि थोड्या जणींना डॉक्टर सरळ नाही म्हणतात. आपण यातल्या कुठल्या गटात आहोत हे तिकीट काढण्याआधी कळायला हवं.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, लॅम आहे. तिच्यासोबत प्रवास करताना आणि तिच्या चेस्ट फिजिशियनना प्रत्येक वेळी प्रश्नांची यादी घेऊन भेटताना जे पक्कं समजलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरायचं नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, हे कळावं म्हणून हा लेख आहे.

आधी हे समजून घ्या

लॅम म्हणजे लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस. हा जवळजवळ फक्त स्त्रियांना, तोही बहुधा तरुण वयात होणारा दुर्मिळ आजार. कधी तो एकटा येतो, कधी ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारासोबत. फुफ्फुसात पातळ भिंतीच्या, हवेने भरलेल्या असंख्य पिशव्या तयार होतात. त्यांना सिस्ट म्हणतात. आपल्याकडे कित्येक जणींवर आधी दमा किंवा टीबी म्हणून उपचार झालेले असतात आणि एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, झाल्यावर खरं कारण कळतं. एखादी सिस्ट फुटली की हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुस आक्रसतं. हा न्यूमोथोरॅक्स, बोलताना सगळे ‘लंग कोलॅप्स झाला’ असंच म्हणतात. लॅमच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तो आयुष्यात एकदा तरी होतो, आणि एकदा झाला की पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

आता विमानाकडे वळू. विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे मुंबईहून निघालेली बाई अर्ध्या-पाऊण तासात, खुर्चीत बसल्या बसल्या, कळसूबाईच्याही वर पोचलेली असते. त्यातून दोन गोष्टी होतात.

एक, ऑक्सिजन कमी मिळतो. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण दाब घटल्यामुळे शरीराला तो जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतकाच मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे बंदिस्त हवा प्रसरण पावते. ८ हजार फुटांच्या हिशेबाने तिचं आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. सिस्टमधल्या हवेला श्वासनलिकेची वाट असेल तर ती निसटून जाते. पण छातीच्या पोकळीत आधीच थोडी हवा अडकलेली असेल, तर तिला कुठेच जाता येत नाही. जमिनीवर जेमतेम जाणवणारा छोटा न्यूमोथोरॅक्स आकाशात गंभीर होतो तो यामुळे.

२००७ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात लॅमच्या रुग्णांचं एक सर्वेक्षण छापून आलं. २७६ स्त्रिया, ४५४ विमानप्रवास. त्यांत न्यूमोथोरॅक्सच्या १० घटना नोंदल्या गेल्या आणि ८ एक्स-रेवर पक्क्या झाल्या. मला त्यातला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पुढचा तपशील: या १० पैकी ५ घटनांत लक्षणं विमानात बसण्याआधीच सुरू झालेली होती. विमानात काय कराल यापेक्षा निघण्याआधीच्या दोन दिवसांत छातीकडे किती लक्ष द्याल, याला जास्त महत्त्व आहे.

पायरी १ : तिकिटाआधी डॉक्टर, चार ते सहा आठवडे हाताशी ठेवून

जाताना शेवटचा एचआरसीटी, पीएफटीचे, म्हणजे फुफ्फुसाची ताकद मोजणाऱ्या चाचणीचे, शेवटचे आकडे (एफईव्ही१ आणि डीएलसीओ दोन्ही), औषधांची यादी आणि प्रवासाचा आराखडा न्या. एकूण किती तासांचा प्रवास, कुठे विमान बदलायचं, उतरल्यावर गाव किती उंचावर आहे, हे सगळं त्यात हवं. आणि नेमके प्रश्न विचारा.

छातीत आत्ता कुठे हवा आहे का? गेल्या काही महिन्यांत न्यूमोथोरॅक्स झालेला असेल किंवा नवं काही जाणवत असेल, तर एक्स-रे काढायला सांगतील. न्यूमोथोरॅक्स उपचाराविना तसाच असेल तर विमान पूर्ण वर्ज्य. इथे तडजोड नाही. तो बरा झाला असेल तर सर्वसाधारण नियम असा की एक्स-रेवर फुफ्फुस पूर्ण फुगलेलं दिसल्यानंतर किमान ७ दिवस थांबायचं. लॅममध्ये तो परत होण्याची धास्ती जास्त असल्याने अनेक डॉक्टर आणखी काही आठवडे थांबवतात. घाई करू नका. हे दिवस मोजायचे ते छातीतली हवा बाहेर काढायला घातलेली नळी काढल्यापासून नव्हे, स्वच्छ एक्स-रेपासून.

प्लुरोडेसिस झालं आहे का? फुफ्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटवण्याची ही प्रक्रिया. लॅममध्ये पहिल्याच न्यूमोथोरॅक्सनंतर ती करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. ज्या बाजूला ती झाली आहे तिथला धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, आणि दुसरी बाजू तशीच मोकळी असते. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर सर्जनची लेखी परवानगी घ्या.

मला ऑक्सिजन लागेल का? बसल्या जागी ऑक्सिमीटरवर ९५ च्या वर आकडा असेल तर बहुधा लागत नाही. ९२ च्या खाली असेल तर प्रवासात लागतोच. मधल्या पट्ट्यात असाल, किंवा चालल्यावर आकडा झपकन खाली येत असेल, तर पुढची तपासणी करावी लागते. सहा मिनिटं चालण्याची चाचणी बऱ्याच ठिकाणी होते. याहून नेमकी चाचणी म्हणजे हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट. तुम्हाला साधारण २० मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा देतात आणि रक्तातला ऑक्सिजन कितपत घसरतो ते पाहतात. थोडक्यात, जमिनीवरच विमानाची तालीम. ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांत असते, पण लांबचा प्रवास असेल आणि आकडा काठावरचा असेल तर तिच्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा. नुसता ऑक्सिमीटरचा आकडा पाहून काढलेला अंदाज फुफ्फुसाच्या आजारात पुष्कळदा चुकतो.

आजार लॅमच आहे की फुफ्फुसात सिस्ट करणारा दुसरा एखादा दुर्मिळ आजार (बर्ट-हॉग-डुबे किंवा पीएलसीएच), हेही स्पष्ट करून घ्या. न्यूमोथोरॅक्सचा धोका तिन्हींत असतो, पण त्याचं प्रमाण आणि फुफ्फुसाची एकूण ताकद यांत फरक पडतो.

पायरी २ : विमान कंपनीशी बोलणं आणि कागद

ऑक्सिजन किंवा उपकरण लागणार नसेल तर कंपनीला कळवणं सक्तीचं नसेलही, तरी डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ पत्र खिशात असू द्या. ऑक्सिजन लागणार असेल तर मेडिफ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्याचा एक भाग तुमचा, एक डॉक्टरांचा. कंपनीचा वैद्यकीय विभाग तो तपासून परवानगी देतो. बहुतेक कंपन्या तो किमान ४८ ते ७२ तास आधी मागतात, पण आठवडाभर आधी पाठवलेला बरा, कारण एखादा रकाना कोरा राहिला म्हणून तो परत येतो आणि डॉक्टर त्या दिवशी गावाला गेलेले असतात.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर केबिनमध्ये नेता येईल हे गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. डोक्यावरून खाली येणारे मास्क फक्त केबिनचा दाब गेल्यावरच्या आणीबाणीसाठी असतात, आणि विमानातल्या मोजक्या बाटल्याही तातडीच्या वेळेसाठीच. म्हणून पर्याय उरतो हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या छोट्या यंत्राचा, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे पीओसीचा. घरात वापरतो तो मोठा कॉन्सन्ट्रेटर चालत नाही. मोठ्या शहरांत पीओसी भाड्याने मिळतो. तो घेताना हे पाहा:

- त्या मॉडेलला विमानात वापरण्याची मान्यता आहे ना, आणि कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे ना.
- बॅटऱ्या प्रवासाच्या एकूण वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या हव्यात. इथे फक्त उड्डाणाचा वेळ धरू नका. विमानतळावरची वाट, धुक्याने झालेला उशीर, सगळं धरा.
- सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० च्या दोनच आणि कंपनीच्या परवानगीने, त्यावरच्या अजिबात नाहीत. आकडा बॅटरीवर छापलेला असतो.
- बरेच पीओसी श्वास आत घेताना झटक्याने ऑक्सिजन सोडतात, सतत नाही. तोंडाने श्वास घेत झोपणाऱ्या बाईला तो पुरतो का, हे घरी रात्रभर लावून बघा आणि कोणत्या सेटिंगवर आकडा टिकतो ते डॉक्टरांसमोर ठरवा.

पत्रासोबत एक पानाचं आपत्कालीन कार्ड करा. आमच्याकडे ते इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट केलेलं आहे आणि ताईच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असतं. त्यावर आजाराचं नाव, शेवटचा न्यूमोथोरॅक्स कधी व कुठल्या बाजूला, प्लुरोडेसिस झालं का, औषधं, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर. आणि ठळक एक ओळ: अचानक छातीत दुखलं तर न्यूमोथोरॅक्स आधी तपासा, दमा समजून नुसता नेब्युलायझर लावू नका. शिवाय जुना सीटी फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. याचं कारण महत्त्वाचं आहे. मोठी सिस्ट साध्या एक्स-रेवर कधी कधी न्यूमोथोरॅक्ससारखी दिसते, आणि तुलनेला जुना सीटी नसेल तर अनोळखी गावातले डॉक्टर सिस्टमध्येच नळी घालण्याचा संभव असतो.

प्रवास विमा काढताना आजार लपवू नका. आधीपासूनचा आजार पॉलिसीत धरलेला आहे का, ते लेखी घ्या. नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो.

पायरी ३ : औषधं आणि लसी

सिरोलिमस, म्हणजे लॅमवर दिली जाणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, चालू असेल तर पूर्ण मुक्कामाचा साठा आणि वर आठ-दहा दिवसांचा जादा, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग हरवली तर परदेशात ही गोळी पटकन मिळत नाही. वेळ रोज एकच ठेवायची असते, म्हणून घड्याळ बदलणाऱ्या प्रवासात गोळी कधी घ्यायची ते आधी ठरवा. ग्रेपफ्रूट टाळा, परदेशातल्या हॉटेलांत सकाळी त्याचा रस असतो. त्याने रक्तातली औषधाची पातळी वाढते. काही अँटिबायोटिक आणि फंगसची औषधंही तेच करतात, तेव्हा प्रवासात दुसऱ्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर सिरोलिमसचं नाव आधी सांगा.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी यलो फीव्हरची लस लागते. ती जिवंत विषाणूंची लस आहे आणि सिरोलिमसवर असताना जिवंत लसी टाळतात. डॉक्टर लस घेता येत नसल्याचं प्रमाणपत्र देऊ शकतात, पण त्या देशाला ते चालतं का, आणि लशीशिवाय तिथे जाणं शहाणपणाचं आहे का, हे आधी विचारा. परतताना भारतातही या प्रमाणपत्राची तपासणी होते.

आणि एक गोष्ट आपल्याकडे उघड बोलली जात नाही. लग्न, देवदर्शन, यात्रा म्हटलं की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून सहज आणली जाते. लॅम हा हार्मोन्सशी जोडलेला आजार आहे, इस्ट्रोजेन असलेली औषधं यात टाळतात, शिवाय अशा गोळ्यांनी पायात गुठळी होण्याचा धोकाही वाढू शकतो. ही गोळी लॅमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘बाईच्या बाबतीतलं’ म्हणून लाजू नका, हा फुफ्फुसाचाच प्रश्न आहे.

पायरी ४ : निघण्याआधीचे ४८ तास

सगळ्या लेखात एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

नवीन काही आहे का, हे स्वतःला विचारा. एका बाजूला टोचल्यासारखी कळ, खोल श्वास घेतला की वाढणारी. खांद्याच्या पात्याखाली दुखणं. नेहमीच्या जिन्यावर जास्त लागणारी धाप. अचानक सुरू झालेला कोरडा खोकला. यातलं एकही नव्याने आलं असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय विमानात पाऊल टाकायचं नाही. आपल्या घरांत छातीत दुखलं की ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळायला देतात. लॅम असलेल्या घरात ही सवय मोडायला हवी.

एकदा निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरताना ताई मधेच थांबली आणि उजवा खांदा मागे ढकलून बघायला लागली. कळ बारीक होती. “झोपून उठले की जाईल,” ती म्हणाली. ऑक्सिमीटर ९६ दाखवत होता, म्हणजे नेहमीसारखाच. तरी आम्ही कोपऱ्यावरच्या एक्स-रे केंद्रात गेलो. टेक्निशियनने फिल्म उजेडात धरली तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला नखाएवढी काळी पट्टी दिसत होती. प्रवास रद्द झाला, लग्न हुकलं, ताई दोन दिवस रडली. ती पट्टी दवाखान्याच्या देखरेखीखाली भरून आली. ऑक्सिमीटर चांगला आहे म्हणून छाती ठीक आहे असं नसतं. छोट्या न्यूमोथोरॅक्समध्ये आकडा कधी कधी अजिबात हलत नाही.

सर्दी-ताप-कफ असेल तरी प्रवास पुढे ढकला. तिकीट बदलता येईल अशा भाड्याचंच काढा. ते थोडं महाग पडतं, पण शंका आली की पैसे बुडतील म्हणून माणूस दुखणं दडपतो, तो मोह त्याने टळतो. देशातला प्रवास असेल तर रेल्वेचा पर्याय मनात असू द्या.

पायरी ५ : विमानतळ आणि विमान

बॅगा उचलून वरच्या कप्प्यात ठेवायचं काम दुसऱ्यावर सोपवा. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. चालता येणाऱ्या बाईने ती घेतली तर लोक बघतात, बघू द्या. मोठ्या विमानतळांवर गेटपर्यंतचं अंतर खूप असतं आणि धापत विमानात बसण्यात काही मिळत नाही. पीओसी असेल तर आपत्कालीन दरवाजाजवळची जागा मिळत नाही. स्वच्छतागृहाजवळची, मधल्या वाटेलगतची जागा सोयीची. शक्य तिथे थेट विमान घ्या. लांबच्या प्रवासाला निवड असेल तर बोईंग ७८७ किंवा एअरबस ए३५० बरी, कारण त्यांच्या केबिनमधला दाब ६ हजार फुटांच्या आसपास ठेवतात. जुन्या विमानांपेक्षा श्वासाला तेवढाच आराम.

बोटाचा ऑक्सिमीटर जवळ ठेवा. नेलपॉलिश आणि गर्द मेंदी यांनी तो चुकतो, बोटं गार असली तरी चुकतो, म्हणून हात चोळून लावा. निरोगी माणसाचाही आकडा विमानात ९० ते ९४ पर्यंत येतो, तेव्हा घाबरू नका. तुमच्यासाठी खालची मर्यादा कोणती आणि तिच्याखाली गेल्यास पीओसी किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं. मास्क लावा, पाणी प्या, तासा-दीड तासाने पाय हलवा.

छातीत अचानक कळ आली आणि दम लागला तर जागेवरच ताठ बसा आणि लगेच बेल दाबा. कर्मचाऱ्यांना गोल गोल न सांगता इंग्रजीत थेट सांगा: ‘माय लंग मे हॅव कोलॅप्स्ड, आय नीड ऑक्सिजन.’ कार्ड हातात द्या. ते ऑक्सिजन देतील, प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारतील, जमिनीवरच्या डॉक्टरांशी संपर्क साधतील. वैमानिक उंची कमी करून केबिनचा दाब वाढवू शकतो किंवा जवळच्या विमानतळावर उतरू शकतो. ओठ निळे पडणं, नाडी फार वेगाने धावणं, चक्कर, ही सर्वांत धोक्याची चिन्हं. तेव्हा साठलेली हवा तातडीने बाहेर काढावी लागते. मे १९९५ मध्ये हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात प्रा. अँगस वॉलेस या अस्थिशल्यविशारदाने एका प्रवासी बाईच्या छातीत कोट टांगायच्या हँगरच्या तारेच्या आधाराने नळी घालून तिचा जीव वाचवला होता. तिला लॅम नव्हता. विमानतळावर येताना ती मोटारसायकलवरून पडली होती. म्हणजे इजा घेऊनच ती विमानात चढली होती आणि उंचीने ती वाढवली.

उंचावरची आणि पाण्याखालची ठिकाणं

मुक्कामाचं ठिकाणही तपासा. लेह विमानतळ साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. म्हणजे विमानाचं दार उघडलं की हवा केबिनपेक्षाही विरळ, आणि तिथून उतरायची सोय तासाभराची नाही, दिवसाची आहे. केदारनाथ ११ हजार फुटांच्या वर आहे. तिथे नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये केबिनचा दाब राखलेला नसतो. बाहेरची हवा तीच आतली. चारधामाची ओढ आपल्याकडे किती आहे हे मला माहीत आहे, ताईलाही ती आहे. तरी डॉक्टरांनी चाचण्या करून लेखी हो म्हटल्याशिवाय हे दोन बेत आखू नका.

मालवण-तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला गेल्यावर स्कूबा डायव्हिंगचा आग्रह होतो, ‘फक्त दहा मिनिटं, उथळ पाणी’ म्हणून. सिस्टिक फुफ्फुस असलेल्यांनी स्कूबा कधीही करू नये, प्लुरोडेसिस झालेलं असलं तरी नाही. वर येताना कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि तिथला दाबाचा फरक विमानापेक्षा झपाट्याने होतो. किनाऱ्यावर बसून समुद्र बघा.

उतरल्यावर

न्यूमोथोरॅक्स कधी कधी उतरल्यावर एक-दोन दिवसांनी जाणवतो, म्हणून तेवढे दिवस तीच लक्षणं डोळ्यांसमोर ठेवा आणि परतीच्या विमानाआधी पायरी ४ पुन्हा करा. जाण्याआधीच मुक्कामाच्या गावातलं, एक्स-रे आणि छातीत नळी घालायची सोय चोवीस तास असलेलं रुग्णालय शोधून त्याचा पत्ता फोनमध्ये ठेवा. भारतात १०८ किंवा ११२ लावा. परदेशात तिथला नंबर यजमानांकडून विचारून घ्या.

प्रवासात ऑक्सिजनचा सर्वांत कमी आकडा किती आला, कोणत्या तासाला, पीओसी कितीवर होता आणि काय जाणवलं, एवढं वहीत टिपा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. पुढच्या मेडिफ फॉर्मवर ऑक्सिजन किती लिटर लिहायचा, ते त्या नोंदींवरून ठरवता येतं.